ठप आणि टण

"दर्शीताई, अंशूने आजोबांचे दात आणलेत."

मी वळून बघितलं. अंगणवाडीच्या मधोमध पाण्याने भरलेली निळी बादली, तिच्याभोवती पंधरा पोरं उकिडवी बसलेली, आणि अंशूच्या मुठीत खरोखर कवळी. वरची.

"कुठनं आणलीस रे?"

"वाटीतनं."

"आजोबांना विचारलंस?"

"ते झोपलेत. उठले तरी आता त्यांना बोलता येणार नाय." त्याने कवळी माझ्यापुढे धरली. "तू म्हणालीस ना, घरातली एक वस्तू आणा. बुडते का तरंगते बघू."

म्हणाले होते खरी. ओरडायला तोंड उघडलं, तर सगळ्यांचे डोळे कवळीवर. आणि मलाही बघायचं होतं, खोटं कशाला सांगू.

"टाक," मी म्हटलं.

कवळी डुबुक करून तळाला गेली आणि तिथनं आमच्याकडे बघून हसत बसली. पोरांनी टाळ्या पिटल्या. कोपऱ्यात रजिस्टर भरणाऱ्या कुंदाताईंनी चष्म्यावरून बघितलं. "दर्शना, ती काढ, धू आणि पोचव. म्हातारा जेवायला बसेल आता." एवढंच म्हणाल्या आणि परत रजिस्टरात घुसल्या.

तीन वर्षं झाली याला. तेव्हा मी सोळाची होते, आणि त्या अंगणवाडीत काही हौसेने गेले नव्हते. मला तिथे पाठवलं होतं. आठ दिवस, डोकं थंड व्हायला.

शाळा मी नववीत सोडली. आई पनवेलला लोकांकडे कामाला, म्हणून मी आजोळी वामनमामाकडे. मामाचा गणपतीचा कारखाना. आमच्या भागात कारखान्याला गणपतीची शाळाच म्हणतात, त्यामुळे गावात चेष्टा व्हायची, वामनची भाची एका शाळेतनं पळाली आणि दुसऱ्या शाळेत जाऊन बसली. बसले तर बसले. दोन वर्षं मी शाडूची माती मळली, साच्यात दाबली, मूर्ती घासल्या, रंगाचे हात मारले. पण मला हवी होती आखणी.

आखणी म्हणजे डोळे. आधी पांढरं, मग भुवई, मग पापणीची रेघ आणि शेवटी बुबुळ. तोवर मूर्ती म्हणजे नुसता रंगवलेला गोळा. बुबुळ टेकलं की समोर कोणीतरी बसलंय असं वाटतं, आपण नीट बसतो. आमच्याकडे आखणी फक्त मामा करायचा. त्या वर्षी त्याचा हात थोडा थरथरायला लागला होता. कोणी बोलत नव्हतं, पण मी बघत होते, रेघ ओढायच्या आधी तो मनगट दुसऱ्या हाताने धरायचा. पाडव्यालाच म्हणाला होता, "दर्शे, यंदा नागपंचमी झाली की ब्रश तुझ्या हातात."

नागपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, केस घट्ट बांधून कारखान्यात गेले, तर घासकाम करणारा रमाकांत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही डोळे काढणार? मग यंदा घरोघरी देव चकणाच बसायचा."

हातात पिवळ्या रंगाची वाटी होती. ती मी फेकली. रमाकांत वाकला. मागे तयार मूर्ती होती, तिच्या तोंडावर वाटी बसली.

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओल्या फडक्याने मूर्ती पुसत राहिला आणि म्हणाला, "हात गरम असला की रेघ हलते. आठ दिवस इथे पाऊल टाकायचं नाय."

नेमक्या तेव्हाच कुंदाताई दारात. त्यांना पोरांसाठी माती हवी होती. वरच्या ऑफिसातनं कागद आला होता, या आठवड्यात मुलांना वस्तूंची ओळख करून द्या, कठीण काय, मऊ काय, जड काय, हलकं काय. ताईंचा गुडघा धरलेला, खाली बसता येत नव्हतं.

"मातीबरोबर हिला पण न्या," मामा म्हणाला.

अशी मी गेले.

पहिल्या दिवशी भिंतीवर तक्ता होता. लाकूड कठीण. कापूस मऊ. लोखंड जड. पोरं एका सुरात ओरडत होती, कोणाचं तक्त्याकडे लक्ष नव्हतं. माझे पाय नुसते वळवळत होते. खिडकीतनं मामाच्या कारखान्याचे पत्रे दिसायचे, आणि मला वाटायचं आत्ता उठावं आणि धावत सुटावं.

पुढच्या रांगेत शिवू होती. शिवन्या. पाच वर्षांची, दोन वेण्या, नाक कायम वाहतं, आणि हात कायम कशाला तरी लावलेला. ती ओरडता ओरडता थांबली.

"ताई, खोबरं कठीण का मऊ?"

मी तक्त्यात बघितलं. खोबरं नव्हतं.

"ओलं का सुकं?" मी विचारलं.

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आजीच्या डब्यातलं."

मला एकदम नववीचा वर्ग आठवला. सायन्सच्या पेपरात धातूचे गुणधर्म लिहा म्हणून होतं. मी लिहिलं, पितळेची कळशी वाजवली की आवाज लांबतो, जर्मलच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, टोपाचा लगेच मरतो. सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि वर्गात वाचून दाखवलं. मी पेपर त्यांच्या टेबलावर फाडला. शाळा सुटायला तेवढंच कारण नव्हतं, पण तेही होतं.

मी तक्ता काढला आणि गुंडाळून कपाटावर टाकला. कुंदाताई बघत होत्या.

"उद्या खोबरं आण," मी शिवूला म्हटलं. "आणि ऐका रे सगळे. कोण सांगतं म्हणून काही बोलायचं नाय. मी सांगितलं तरी नाय. हात लावायचा, वाजवायचं, पाण्यात टाकायचं. हात काय सांगतो ते बोलायचं."

"हात बोलतो?" अंशू.

"बोलतो. तू गप बसलास तर ऐकायला येतो."

मग काय, गावभर रान उठलं. कोणी साबण बुडवला, कोणी पायताण, कोणी बापाचा मोबाईल बुडवायच्या बेतात असताना आईने पकडला. अंशूच्या आजोबांनी दारात येऊन मला शिव्या दिल्या, त्या दात नसल्यामुळे कळल्या नाहीत. खोबऱ्याचं मात्र छान झालं. ओलं नख लावलं की रुततं, सुकं रुतत नाही. शिवूने दोन्ही तुकडे बराच वेळ नखाने कोरले आणि जाहीर केलं, "खोबरं आधी मऊ असतं, मग म्हातारं होतं." ते ताईंनी रजिस्टरात लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी मी कारखान्याच्या मागच्या उकिरड्यातनं दोन गोष्टी उचलून आणल्या. सुक्या शाडूचा एक गोळा, आणि प्लास्टरच्या मूर्तीचा तुटका हात. पोरांना नुसते वाजवून दाखवले. बोटाचं हाड हळूच मारायचं. शाडू ठप वाजतो, दाराआड कोणी खोकावं तसा. प्लास्टर टण. मग दोन्ही बादलीत टाकले. शाडूने बुडबुडे सोडले, कडा गळायला लागल्या, आणि पोरांची खिचडी होईस्तोवर तळाला नुसता राखाडी गाळ. प्लास्टरचा हात तसाच. पाच बोटं शाबूत, आशीर्वाद देत.

"हा कधी विरघळणार?" शिवूने विचारलं.

"तू बघत बस."

ती खरंच बघत बसली. आई न्यायला आली तरी उठेना.

असे पाच दिवस गेले. रोज संध्याकाळी मामा ओसरीवर बसलेला असायचा, मी त्याच्या समोरून दोनदा जायचे. तो फक्त माझ्या हाताकडे बघायचा. मी हात मुद्दाम मोकळे सोडायचे, बघ, थंड झालेत.

सहाव्या दिवशी कुंदाताई म्हणाल्या, "मुलांना तुझ्या मामाकडे नेऊ या. परिसरभेट म्हणून लिहिता येईल."

मामाला पोरांचं वेड. आपली नातवंडं सुरतेला, म्हणून दुसऱ्यांच्या पोरांवर जीव. त्याने सगळ्यांना कुरमुरे दिले आणि म्हणाला, "बघा, हात लावा, पण उचलायचं नाय."

कारखान्यात त्या दिवशी सामंत मॅडम आल्या होत्या. शहरातल्या एका मोठ्या सोसायटीच्या. त्यांची एक्कावन्न मूर्तींची ऑर्डर होती, सगळ्या नऊ इंची, सगळ्या शाडूच्या, पाण्याच्या रंगातल्या. त्यांच्या सोसायटीत सगळे घरच्या घरी बादलीत विसर्जन करतात आणि ते पाणी झाडांना घालतात. त्या आपल्या मूर्ती बघायला आल्या होत्या. लांब फळीवर एक्कावन्न गणपती ओळीने, रंग झालेले, फक्त डोळे नाहीत.

पोरं सुटलीच. मी शिकवल्याप्रमाणे, बोटाचं हाड, हळूच. मॅडम कौतुकाने हसत होत्या. "काय करतायत हो ही?"

ठप. ठप. ठप. शिवू फळीच्या कडेकडेने सरकत होती, कान जवळ नेऊन. ठप. ठप. मला ऐकायला येत होतं, आणि ती कुठे पोचणार तेही मला माहीत होतं. मी पुढे झाले, पण उशीर झाला.

टण.

ती थांबली. परत वाजवलं. टण. पुढचीही टण.

"दर्शीताई, हा टण वाजतो."

"म्हणजे काय गं सोन्या?" मॅडमनी विचारलं.

"ठप म्हणजे माती," शिवू म्हणाली. "टण म्हणजे प्लास्टर. तो विरघळत नाय. मी बघितलाय, पोषण आहार झाला तरी विरघळत नाय."

कारखान्यात रेडिओ चालू होता. रमाकांतने तो बंद केला.

खरं होतं तिचं. त्या फळीवरच्या शेवटच्या बारा प्लास्टरच्या होत्या. त्या वर्षी पावसाने उघडीपच दिली नव्हती, माती सुकेना, बारा मूर्ती साच्यातच तडकल्या. मामाने पलीकडच्या गावातनं कच्च्या प्लास्टरच्या आणून त्याच रंगात रंगवल्या. मला माहीत होतं. टेम्पोतनं पेंढ्यात गुंडाळलेल्या त्या मीच उतरवून घेतल्या होत्या. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. पाऊस आहे, ऑर्डर आहे, माणूस काय करेल.

"लहान पोर आहे, मॅडम," मामा हसला. हसताना त्याने उजवं मनगट डाव्या हाताने धरलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "तू इथेच काम करतेस ना? तूच शिकवलंयस ना यांना? मग तूच सांग, हे काय आहे?"

"हो, हिलाच विचारा," मामा म्हणाला. "उद्यापासून आखणीला बसणार आहे ही. या तुमच्या मूर्तींनाच पहिला हात लागेल हिचा." आणि माझ्याकडे बघून, अगदी मऊ आवाजात, "सांग, दर्शे."

उद्यापासून. आठ दिवस पुरे व्हायच्या आतच.

मी पुढे गेले. शेवटच्या मूर्तीवर बोट वाजवलं. टण. हात काय सांगायचं ते सांगत होता.

"शाडूच आहे," मी म्हटलं. "आतून अजून ओला आहे, म्हणून असा वाजतो. सुकला की बसेल आवाज."

ओली माती टण वाजत नाही. ओली माती वाजतच नाही. पण ते मॅडमना कुठून माहीत असणार. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. शिवूच्या गालाला हात लावून त्या म्हणाल्या, "बघ, ताई सांगते ना. ताईला जास्त कळतं."

शिवूने परत एकदा वाजवलं. माझ्याकडे बघितलं. मग आपल्या बोटाकडे बघितलं, उलटसुलट करून, आणि ते बोट फ्रॉकला पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने मला ब्रश दिला. त्याचा स्वतःचा, शून्य नंबरचा, दांडीचा रंग हातात धरून धरून गेलेला. मी पाटावर बसले. पहिल्या मूर्तीला पांढरं, भुवई, पापणी. श्वास धरून बुबुळ टेकलं. रेघ हलली नाही. रमाकांत मागे उभा होता, तो निघून गेला. माझ्या आयुष्यात इतकं छान काही झालं नव्हतं, आणि तरी मला सारखं उठावंसं वाटत होतं. तहान नसताना तीनदा पाणी प्यायले.

अंगणवाडीचे दोन दिवस उरले होते. ताईंना शब्द दिला होता म्हणून दुपारी तासभर गेले. ब्रश केसांच्या अंबाड्यात खोचून, सगळ्यांना दिसेल असा.

त्या दिवशी जड-हलकं होतं. शिवूच्या एका हातात मी नदीतला गोटा दिला, दुसऱ्या हातात भांडी घासायचा स्पंज.

"कुठलं जड?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"शिवू, कुठलं जड?"

"तू सांग ना."

"मी काय सांगू? तुझ्या हातात आहे ते."

गोट्याने तिचा हात खाली ओढला जात होता. डोळे मात्र माझ्या तोंडावरून हलत नव्हते. शेवटी बारीक आवाजात तिने विचारलं, "काय म्हणू?"

माझं डोकं फिरलं. "काय म्हणू म्हणजे? हात कोणाचा आहे? तुझाच ना? का माझा?"

"माझा हात खोटं सांगतो," ती म्हणाली, आणि गोटा टाकून रडायला लागली.

अंशू म्हणाला, "गोटा जड आहे, येडी," आणि बाकीची हसली. मी हसले नाही. ताईंनी शिवूला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. काल त्याही कारखान्यात होत्या. पोरांना टण आणि ठप ऐकू येतं, तसं त्यांनाही आलं असणार.

मी परत जाऊन पाटावर बसले. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस झाल्या. मग चाळिसावी घेतली. उचलताच हाताला कळलं, हलकी. हिच्या आत पोकळी. पांढरं, भुवई, पापणी, बुबुळ. हिचेही डोळे बरोबर आले. तसेच आले, अगदी तसेच, आणि तेच मला झेपेना. मला वाटलं होतं काहीतरी वेगळं दिसेल.

ती मूर्ती माझ्याकडे बघत होती आणि मला ती कुठल्यातरी सोसायटीत दिसायला लागली. दीड दिवस झालाय. आरती झालीय. बाथरूमपाशी बादली ठेवलीय, कुंडीतली माती काढून ठेवलीय. आणि बादलीपाशी कोणीतरी शिवूएवढं पोर उकिडवं बसलंय. आई म्हणतेय चल, जेवायला चल. ते म्हणतंय, थांब, आता विरघळेल. मूर्तीवाल्या काकांनी सांगितलंय, शाडू आहे.

सकाळी मामा आंघोळीला गेला तेव्हा मी ब्रश अंबाड्यात खोचला, ती मूर्ती रेनकोटात गुंडाळली आणि अंगणवाडीत नेली.

कुंदाताई झाडत होत्या. मी बादली मध्ये ओढली, रेनकोट सोडला. त्या झाडू धरून उभ्या राहिल्या.

"बाप्पाला असं कुठे टाकतात, दर्शना?"

"अजून बसला कुठे आहे तो, ताई. प्रतिष्ठा होईस्तोवर वस्तूच आहे."

"तू काय करत्येस ते कळतंय ना तुला? मामा दारात उभी करणार नाय."

"कळतंय."

"मग कशाला?"

"आज शेवटचा दिवस आहे माझा," एवढंच म्हटलं. त्यांनी झाडू कोपऱ्यात ठेवला आणि पोरांना हाका मारल्या.

पोरं गोल बसली. शिवू सगळ्यात मागे, ताईंचा पदर धरून. मी तिला पुढे बोलावलं नाही. बादलीत मूर्ती ठेवली, शेजारच्या टोपात सुक्या शाडूचा गोळा टाकला.

"हे काय आहे, ताई?" अंशू.

"मला नाय माहीत."

"काल तर तू डोळे काढत होतीस."

"काढले. तरी नाय माहीत. बघू या."

सगळ्यात आधी डोळेच गेले. पाण्याचाच रंग तो, बुबुळातनं काळा धूर निघाल्यासारखी रेघ वर आली आणि पसरली. मग भुवया. मग पितांबराचा पिवळा, सोंडेवरचा गुलाबी. पाणी आधी रंगीत झालं, मग सगळं मिळून मळकं. टोपातला गोळा बुडबुडे सोडत बसत गेला. खिचडी शिजली. पोरं जेवली, हात धुऊन परत येऊन बसली. मी बादलीतलं पाणी ओतून दुसरं घातलं. आत डोळे नसलेला, पांढराफेक गणपती, सोंडेची वळणंसुद्धा जशीच्या तशी.

शिवू पदर सोडून कधी पुढे आली ते कळलं नाही. ती टोपात बघत होती, मग बादलीत, मग टोपात. बाही वर केली आणि पाण्यात हात घातला. आत बोट वाजवलं. पाण्यात आवाज कसला येतोय. मग तिने नख लावलं, जोर काढून, जीभ बाहेर काढून.

"रुतत नाय," ती आपल्याशीच बोलली.

तेव्हा दारात मामा उभा होता.

फळीवर एक जागा रिकामी दिसली असणार. तो भिजत आला होता, छत्री न घेता. पोरं त्याला बघून सरकली, त्याला जागा करून दिली, जसा तोही बघायलाच आलाय. तो आत आला आणि पोरांसारखाच उकिडवा बसला.

"कोणी घातला?"

"ताईने," अंशू म्हणाला. "विरघळत नाय, आजोबा. आम्ही केव्हापासनं बघतोय."

"आतून ओला पण नाय," शिवू म्हणाली. "आतून ओला असता तर आता पुरा ओला झाला."

मामाने वाकून बादलीत बघितलं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. तो थरथरत होता आणि त्याने तो धरला नव्हता.

"डोळे चांगले आले होते," तो मला म्हणाला. "मी सकाळी बघितले सगळ्यांचे. एक रेघ हलली नव्हती."

मी टोपातला गाळ बोटाने ढवळत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि रमाकांतपर्यंत ते पोचलं असतं.

"मला घरात सांगायचंस, दर्शे. चार भिंतींत शिव्या घालायच्यास. ही पोरं कशाला?"

"घरात मी खोटं नव्हते बोलले, मामा," मी म्हटलं. "यांच्यासमोर बोलले."

त्याने मान हलवली. पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून. मग हात पुढे केला, तळवा वर.

त्याने सामंत मॅडमना त्याच संध्याकाळी फोन केला आणि एकोणचाळीसच येतील म्हणून सांगितलं. का, ते त्याने काय सांगितलं मला माहीत नाही, तो फोन घेऊन विहिरीपाशी गेला होता. पुढच्या वर्षापासून त्या आल्या नाहीत. त्याने मला घरातनं काढलं नाही. गेली तीन वर्षं मी त्याच कारखान्यात माती मळते, साचे भरते, घासते. आखणीला आता रमाकांत बसतो. त्याची रेघ हलते. मी बघते आणि गप्प बसते, ते मला अजून जड जातं. परवा गौरी-गणपतीच्या आधी मामा माझ्यामागे येऊन उभा राहिला, माझे हात बघत. मग आखणीच्या पाटाकडे गेला.

पण ते नंतरचं. तेव्हा त्याचा तळवा माझ्यापुढे होता आणि त्याला काय हवंय ते मला कळत होतं. मी अंबाड्यातला ब्रश ओढला. केस सुटून तोंडावर आले, त्यात मला नीट दिसलं नाही, का त्याचाच हात हलला, ब्रश दोघांच्या मधनं निसटला आणि बादलीत पडला.

आम्ही दोघंही थांबलो. ब्रश आधी पाण्याखाली गेला, मग वर आला, आणि त्या पांढऱ्या सोंडेवरून गोल फिरायला लागला.

"तरंगतो," शिवू म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मामाकडेही नाही.